तीन आठवडे नुसता ‘आ’: टेनसीसीच्या एका गाण्याचं प्रकरण

ह्या गाण्याचं पहिलं रेकॉर्डिंग आज कुठेच नाहीये. चौघांनी मिळून ते केलं, त्यातल्या एकाला ते अजिबात पटलं नाही, आणि टेप पुसून टाकली. तेच गाणं पुन्हा नव्याने केलं गेलं आणि १९७५ च्या उन्हाळ्यात ब्रिटनमध्ये एक नंबरला गेलं, अमेरिकेत दोन नंबरला. गाणं म्हणजे टेनसीसी ह्या इंग्लिश बँडचं ‘आयम नॉट इन लव्ह’. सॉफ्ट रॉक म्हटलं की जी पाच-दहा गाणी कोणीही सांगेल त्यातलं हे एक, आणि माझ्या मते त्या सगळ्यात जास्त कष्टाने बनलेलं. बरीच वर्षं मला वाटायचं की मागे तो धुकं पसरल्यासारखा आवाज येतो तो सिंथेसायझर असणार. नाहीये. ती माणसं आहेत, तीन माणसं.

आधी कोण कोण होतं ते सांगतो म्हणजे पुढचं कळेल. एरिक स्टुअर्ट हा गिटार वाजवणारा आणि गाणारा, साठच्या दशकात माइंडबेंडर्स नावाच्या बँडमध्ये होता, आणि मुख्य म्हणजे त्याला रेकॉर्डिंगचं वेड होतं, बँडची गाणी तो स्वतःच रेकॉर्ड आणि मिक्स करायचा. ग्रॅहम गोल्डमन बेस वाजवायचा, पण त्याची खरी ओळख म्हणजे अगदी कोवळ्या वयात त्याने यार्डबर्ड्स आणि हॉलीज अशा बँडना हिट गाणी लिहून दिलेली. केव्हिन गॉडली आणि लॉल क्रीम हे दोघं आर्ट कॉलेजमधले मित्र, गॉडली ड्रम वाजवायचा, क्रीम गिटार आणि कीबोर्ड, आणि दोघांच्याही डोक्यात सतत काहीतरी विचित्र चालू. म्हणजे ढोबळमानाने दोन जोड्या होत्या, एक सुरेल गाणी लिहिणारी आणि दुसरी प्रयोगवाली. १९७२ मध्ये त्यांचं पहिलं हिट ब्रिटनमध्ये दोन नंबरला गेलं आणि १९७३ मध्ये ‘रबर बुलेट्स’ एक नंबरला. त्यामुळे ही नवखी पोरं नव्हती.

आणि पाचवं पात्र म्हणजे जागा. मँचेस्टरच्या शेजारी स्टॉकपोर्ट नावाचं गाव आहे, तिथे स्ट्रॉबेरी स्टुडिओज. नाव बीटल्सच्या गाण्यावरून ठेवलेलं. स्टुअर्ट १९६८ पासून त्यात भागीदार होता, नंतर गोल्डमननेही पैसे घातले. तेव्हा ब्रिटनमध्ये चांगलं रेकॉर्डिंग करायचं म्हणजे लंडन गाठायचं अशीच पद्धत होती, ह्या लोकांनी ते आपल्या गावात उभं केलं. मी ह्या प्रकरणाकडे पुन्हा पुन्हा येतो ते ह्याच एका गोष्टीसाठी. स्टुडिओ त्यांचा होता, घड्याळ त्यांचं होतं. पुण्यात आम्ही एकदा तासाच्या भाड्याने स्टुडिओ घेऊन एका एकांकिकेचं संगीत रेकॉर्ड केलं होतं, तेव्हा चौथ्या तासाला आमच्या तबलजीने अगदी योग्य सूचना केली की हे पूर्ण उलट करून बघूया, आणि आम्ही सगळ्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं आणि नको म्हणालो. ते संगीत अजूनही माझ्या मनात अर्धवटच आहे. तीन आठवडे नुसता ‘आ’ रेकॉर्ड करायची कल्पना तासाच्या भाड्यात कोणाला सुचणारच नाही, आणि सुचली तरी तो तोंडातून काढणार नाही.

गाणं सुचलं ते घरातल्या एका साध्या तक्रारीवरून. स्टुअर्टचं लग्न होऊन काही वर्षं झाली होती आणि बायको म्हणाली की तू मला आय लव्ह यू जास्त वेळा का म्हणत नाहीस. त्याचं म्हणणं असं की रोज रोज म्हटलं तर त्या शब्दांना काही अर्थच उरणार नाही. मग त्याच्या डोक्यात आलं की प्रेम आहे हे सांगायचं, पण उलट बाजूने, नाही नाही म्हणत. गाण्यातला माणूस सांगत राहतो की मी काही प्रेमात नाहीये, तुझा फोटो भिंतीवर लावलाय तो सुद्धा डाग झाकायला लावलाय, मी फोन केला तर फार मनावर घेऊ नकोस. आणि तो जितकं जास्त सांगतो तितकं आपल्याला स्वच्छ कळत जातं की हा पुरता बुडालाय. हे आपल्याला काही नवीन नाही खरं तर. आमच्या बाबांनी आईला असलं वाक्य म्हटलेलं मी आयुष्यात ऐकलं नाही, पण आई गावाहून यायची असली की एसटी यायच्या तासभर आधी ते स्टँडवर जाऊन बसलेले असायचे, आणि विचारलं तर म्हणायचे, इकडे कामच होतं.

स्टुअर्ट आणि गोल्डमन दोघांनी मिळून गाणं पूर्ण केलं आणि गोल्डमनच्या सूचनेवरून त्याला बोसा नोव्हाची चाल दिली, म्हणजे ते ब्राझीलचं हलकं डोलणारं लयीचं अंग. स्टुडिओत चौघांनी ते तसं वाजवलंही. गॉडलीला आवडलं नाही, आणि त्याने ते गुळगुळीत शब्दांत सांगितलं नाही, सरळ म्हणाला हे टाकाऊ आहे. स्टुअर्टने विचारलं की मग काय करूया, काही सुचवतोस का, तर तो म्हणाला नाही, फेकून द्या. आणि खरंच फेकलं. टेप महाग असायची, ती पुसून पुन्हा वापरायची, त्यामुळे बोसा नोव्हावालं रूप कायमचं गेलं.

पण झालं असं की पुढचे काही दिवस स्टुडिओत काम करणारी माणसं ती चाल गुणगुणत फिरत होती. गाणं लिहिणाऱ्याला ह्यापेक्षा मोठी पावती काय असणार. स्टुअर्टने पुन्हा विषय काढला. आणि आता गॉडलीने, ज्याने ते फेकायला लावलं होतं त्यानेच, सांगितलं की हे गाणं चालायचं असेल तर एकच मार्ग आहे, आजवर कोणी केलं नाही असं करायचं, वाद्यं जवळजवळ काढून टाकायची आणि सगळं आवाजांनी भरायचं. आवाजांची एक प्रचंड लाट. मला हा माणूस ह्या प्रकरणात सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. गाणं त्याचं नव्हतं, श्रेयात त्याचं नाव नाही, आणि तरी ह्या गाण्याला आज जे रूप आहे ते त्याच्या नापसंतीतून आलंय. बाकी तिघं नुसते मान डोलावणारे असते किंवा तो भिडस्त असता तर अल्बमच्या मागच्या बाजूला एक बरं बोसा नोव्हा गाणं पडून राहिलं असतं.

आता मुख्य अडचण. माणसाचा श्वास संपतो. तुम्ही ‘आ’ लावला तर पंधरा-वीस सेकंदांत दम घ्यावा लागणार, आणि ह्यांना तर सहा मिनिटं न तुटणारा कोरस पाहिजे होता. तेव्हा मेलोट्रॉन नावाचं वाद्य होतं, प्रत्येक पट्टीखाली एक टेपचा तुकडा, पट्टी दाबली की तो वाजतो, पण आठेक सेकंदांत तुकडा संपतो. लॉल क्रीमने सुचवलं की टेप लूप करूया, म्हणजे आवाज रेकॉर्ड केलेल्या टेपची दोन टोकं जोडून माळ करायची आणि ती फिरत ठेवायची.

तर त्यांनी काय केलं बघा. गोल्डमन, गॉडली आणि क्रीम हे तिघं एका माइकसमोर उभे राहून एकच सूर ‘आ’ असा धरायचे. सोळा ट्रॅकचं मशीन, म्हणजे एकाच टेपवर सोळा रेकॉर्डिंग शेजारी-शेजारी वेगळी राहणार, त्यामुळे तोच सूर सोळा वेळा गायचा, दर वेळी नव्या ट्रॅकवर. तीन गुणिले सोळा, अठ्ठेचाळीस आवाज एका सुराला. मग पुढचा सूर, परत सोळा वेळा. सप्तकातले सगळे बारा, शुद्ध-कोमल-तीव्र धरून. काच पलीकडे स्टुअर्ट मशीनवर. असे तीन आठवडे. गाण्यात किती आवाज आहेत ह्याचे आकडे वेगवेगळे ऐकू येतात, कोणी २५६ म्हणतं कोणी ६२४, पण गणित करून बघितलं तर बारा सुरांचे ५७६ होतात आणि वरचा सा धरून तेरा घेतले तर बरोबर ६२४.

इथे एक प्रश्न पडतो आणि मला स्वतःला पडला होता, की एकदाच गाऊन त्याच्या सोळा कॉप्या का नाही केल्या? कारण कॉपी केली की आवाज फक्त मोठा होतो, बाकी काही बदलत नाही. तेच माणूस परत गातो तेव्हा सूर केसभर वर-खाली होतो, सुरुवात थोडी मागे-पुढे होते, श्वास वेगळ्या जागी लागतो, आणि असे अठ्ठेचाळीस बारीक फरक एकमेकांत मिसळले की त्यातून ती मऊ, कडा नसलेली झिलई येते. वारीत हजार माणसं एकत्र विठ्ठल विठ्ठल म्हणतात तेव्हा एकही आवाज वेगळा काढता येत नाही ना, तसं.

मग लूप. प्रत्येक सुराचे अठ्ठेचाळीस आवाज स्टिरिओवर एकत्र करायचे आणि त्या टेपची साधारण बारा फुटांची माळ करायची. एवढी मोठी माळ मशीनवर मावत नाही, म्हणून एका बाजूला ती टेप मशीनच्या हेडवरून, म्हणजे टेपवरचा आवाज वाचणाऱ्या भागावरून, जायची आणि दुसऱ्या बाजूला एका माइक स्टँडच्या टोकाला बसवलेल्या छोट्या रोलरवरून फिरून परत यायची, स्टँड मागे ओढून टेप ताणलेली ठेवायची. डोळ्यासमोर आणा, खोलीच्या मध्यात तपकिरी टेपचा तोरणासारखा पट्टा हवेत अधांतरी सरकतोय आणि स्पीकरमधून एकच सूर अखंड येतोय. एवढी लांब का, तर टेप जिथे चिकटवलीय तो सांधा हेडवरून गेला की बारीक टिक् येते. सेकंदाला पंधरा इंच वेग धरला तर बारा फूट म्हणजे जेमतेम दहा सेकंदांत एक फेरी, त्यापेक्षा आखूड केली असती तर ती टिक् सारखी सारखी आली असती. आणि प्रत्येक सुराचा सांधा वेगळ्या क्षणी येईल असं ठेवलं की बाकीच्या आवाजात तो बुडून जातो.

हे सगळे सूर मिक्सरच्या वेगवेगळ्या चॅनेलवर घेतले. म्हणजे आता मिक्सरचीच पेटी झाली, प्रत्येक फेडर, म्हणजे आवाज कमी-जास्त करायची सरकती खिट्टी, ही एक पट्टी. गाण्यात ज्या जागी जी कॉर्ड हवी तिथे त्या तीन-चार सुरांचे फेडर वर करायचे, पुढची आली की हे खाली आणि ते वर. एकट्याचे हात पुरणारच नव्हते, त्यामुळे चौघं मिक्सरवर वाकून, आपापले सूर वाटून घेऊन, अक्षरशः वाजवत होते. आणि सगळ्यात सुंदर गोष्ट म्हणजे स्टुअर्टने फेडरच्या तळाशी आडवी चिकटपट्टी लावून ठेवली होती, त्यामुळे कुठलाच फेडर पूर्ण बंद होऊच शकत नव्हता. म्हणजे कॉर्ड कुठलीही चालू असो, मागे सगळेच्या सगळे सूर अगदी मंद धगधगत असतात. आपल्याकडे गवयामागे तानपुरा भरून राहिलेला असतो तसंच काम ते करतं, फक्त तानपुऱ्यात सा-पा असतात आणि इथे बाराही सूर एकदम. चांगले हेडफोन लावा, रात्री सगळं शांत झाल्यावर ऐका, दोन ओळींच्या मधे जिथे काहीच वाजत नाही असं वाटतं तिथे ती सळसळ ऐकू येते. नाही नाही म्हणणाऱ्या माणसाच्या मागे सतत काहीतरी उकळत असतं. शब्द जे लपवतायत ते मागचा कोरस सांगून टाकतो, आणि त्यासाठी एक चिकटपट्टी पुरली.

बाकी वाद्यं फारच कमी. स्टुअर्टचा इलेक्ट्रिक पियानो, तो फेंडर ऱ्होड्स, गोल्डमनची गिटार, आणि गॉडलीने ड्रम सेट बाजूला ठेवून मूग सिंथेसायझरवर एक मऊ ठोका दिला, छातीत धडधडतं तसा. मधल्या भागात एक छोटा बेसचा तुकडा आहे आणि शेवटाकडे लहान मुलांची किल्लीची म्युझिक बॉक्स.

तरी मधल्या जागेत काहीतरी राहिल्यासारखं वाटत होतं. क्रीमने पियानोच्या माइकमध्ये एक वाक्य कुजबुजून बघितलं होतं, मोठी मुलं रडत नाहीत अशा अर्थाचं, पण ते कोणाच्या आवाजात हवं ते ठरत नव्हतं. तेवढ्यात कंट्रोल रूमचं दार हळूच उघडलं आणि स्टुडिओच्या रिसेप्शनिस्ट बाई आत डोकावून, रेकॉर्डिंग चालू असेल म्हणून अगदी दबक्या आवाजात म्हणाल्या, एरिक, तुझा फोन आहे. क्रीम उडालाच, हाच आवाज पाहिजे! बाई तयार होईनात, त्यांना समजावून माइकसमोर उभं केलं आणि सांगितलं की आत्ता दारात जशा बोललात तशाच बोला. जगभर कोट्यवधी लोकांनी ऐकलेला तो आवाज म्हणजे फोन आलाय सांगायला आलेल्या बाईंचा आवाज. मला तर नेहमी वाटतं की नट-गायिका आणली असती तर तिने त्यात भाव ओतला असता आणि मजा गेली असती.

आता धंद्याची बाजू, ती पटकन सांगतो. बँड आधी जोनाथन किंगच्या छोट्या रेकॉर्ड कंपनीत होता आणि नाव होऊनही हातात फारसे पैसे येत नव्हते. फेब्रुवारी १९७५ मध्ये जाहीर झालं की ते मर्क्युरीकडे गेले, म्हणजे फोनोग्रामकडे, आणि आकडा सांगितला गेला दहा लाख डॉलर. स्टुअर्टने नंतर सांगितलंय की कंपनीच्या माणसांना हे गाणं ऐकवलं आणि त्यावरच गोष्ट पक्की झाली. ‘द ओरिजिनल साउंडट्रॅक’ हा अल्बम मार्चमध्ये आला. पण सिंगल म्हणून, म्हणजे सुट्टी विकायची छोटी रेकॉर्ड म्हणून, आधी दुसरंच गाणं काढलं, ते सात नंबरपर्यंत गेलं. ह्या गाण्याला थांबवलं त्याचं कारण उघड आहे, सहा मिनिटांचं गाणं, ड्रम नाहीत, रेडिओवाले तीन-साडेतीन मिनिटांच्या हिशोबाने कार्यक्रम बसवणार. शेवटी मे महिन्यात काढलं. अमेरिकेत तर सिंगलवर कापून चार मिनिटांच्या आत बसवलं.

ब्रिटनचा चार्ट तेव्हा फक्त विक्रीवर होता. ठरावीक रेकॉर्ड दुकानं कुठली रेकॉर्ड किती गेली त्याच्या नोंदी करायची, त्या टपालाने जायच्या आणि मंगळवारी दुपारी रेडिओ वनवर नवा चार्ट सांगायचे. म्हणजे खिशातून पैसे काढून विकत घेतलं तरच मोजणार. आणि १९७५ मध्ये तिथे कसली गाणी वर होती बघा, वर्षातलं सगळ्यात खपलेलं गाणं बे सिटी रोलर्सचं, उड्या मारत नाचायचं. ह्या गाण्याने एक नंबरवरून ज्यांना हटवलं ते तर विंडसर डेव्हिस आणि डॉन एस्टेल हे बीबीसीच्या एका विनोदी मालिकेतले नट, आणि ती मालिका घडते कुठे, तर आपल्या नाशिकजवळच्या देवळालीच्या लष्करी छावणीत! त्यांनी त्याच पात्रांच्या आवाजात एक जुनं गाणं म्हटलं होतं आणि ते तीन आठवडे एक नंबरला होतं. देवळालीला सैनिक पाठवायचे त्यावरूनच इंग्रजीत वेडसर माणसाला डूलॅली म्हणतात हे बऱ्याच जणांना माहीत असेल. तर २८ जूनच्या चार्टला हे दोघं उतरले आणि टेनसीसी वर गेले, दोन आठवडे.

अमेरिकेची गोष्ट मला जास्त चटका लावणारी वाटते. तिथे बिलबोर्डच्या हॉट हंड्रेड ह्या चार्टमध्ये तेव्हा विक्री आणि रेडिओ दोन्ही धरायचे. जुलैच्या शेवटी गाणं दोन नंबरला पोचलं आणि तीन आठवडे तिथेच राहिलं, आणि त्या तीन आठवड्यांत वरचं गाणं दर वेळी वेगळं होतं. पहिल्या आठवड्यात व्हॅन मॅकॉयचं ‘द हसल’, मग ईगल्स, मग बी जीज. म्हणजे तीन वेळा वरची जागा रिकामी झाली आणि तिन्ही वेळा दुसरंच कोणी येऊन बसलं. तिघांतली दोन गाणी नाचाची होती हे सुद्धा लक्षात घ्या, डिस्कोची लाट येत होती, आणि त्या लाटेत ड्रम नसलेलं गाणं इतकं टिकलं. त्याच वर्षीच्या शेवटी क्वीन ह्या बँडचं सहा मिनिटांच्या आसपासचं, थरावर थर आवाजांचं गाणं आलं आणि त्याने तर इतिहासच केला, पण लांब गाणं विकलं जातं हे ब्रिटनमध्ये काही महिने आधी स्टॉकपोर्टच्या ह्या चौघांनी दाखवून दिलं होतं. पुढच्या वर्षी ह्या गाण्याला तीन आयव्हर नोव्हेलो पुरस्कार मिळाले, ब्रिटनमधले गाणी लिहिणाऱ्यांचे मानाचे पुरस्कार.

आणि त्याच १९७६ मध्ये बँड फुटला. गॉडली आणि क्रीम बाहेर पडले, त्यांना स्वतः बनवलेल्या गिझ्मो नावाच्या गिटारच्या यंत्रावर काम करायचं होतं. स्टुअर्ट आणि गोल्डमनने नाव चालू ठेवलं, त्यांना नंतर आणखी एक नंबर वन मिळालं १९७८ मध्ये, त्यामुळे ते संपले असं कोणी म्हणू नये. पण मी त्यांची नंतरची गाणी ऐकतो तेव्हा मला सारखं जाणवतं की खोलीत हे फेकून द्या म्हणणारा कोणी नाहीये. गाणी छान आहेत, पहिल्याच रूपात छान आहेत आणि तिथेच थांबलीयत.

२०१४ मध्ये एका मोठ्या अमेरिकन अंतराळपटाची सुरुवातच ह्या गाण्याने होते, हॉस्पिटलच्या बाकावर बसलेला लहान मुलगा वॉकमनवर ते ऐकत असतो, आणि त्या पिक्चरच्या जुन्या गाण्यांचा अल्बम अमेरिकेत एक नंबरला गेला. माझ्या भाच्याने तिथूनच हे गाणं शोधून काढलं आणि मला विचारलं, मामा, हा कोणता प्लगइन आहे? म्हणजे कॉम्प्युटरवर असले आवाज काढून देणारं कुठलं सॉफ्टवेअर.

म्हणून मग गेल्या महिन्यात एका रविवारी आम्ही तिघं बसलो, मी, भाचा आणि त्याचा भजनी मंडळातला मित्र. खिडक्यांना रजया लावल्या, एकच माइक, पेटीवर काळी दोनचा सा धरला आणि ‘आ’. सोळा वेळा. सहाव्या वेळेला मित्राला हसू फुटलं, नवव्या वेळेला खाली भंगारवाला ओरडला, परत घेतलं. एका सुराला पावणेदोन तास गेले. मग सगळे ट्रॅक एकदम लावले आणि खोलीत तो आवाज आला, तोच, कडा नसलेला, आणि आम्ही कोणीच काही बोललो नाही, भाच्याने फक्त परत प्ले दाबलं. पुढच्या रविवारी कोमल रे घेतोय.